बारा मुली पाहिजेत

मला चौकशा करायची खोड आहे. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर कुठलं, सासर कुठलं, पिशवीतली मेथी कुणाच्या शेतातली, धाकटा मुलगा कितवीला, हे सगळं मेहकर येईपर्यंत मला कळलेलं असतं. माझी मुलगी म्हणते की तू पोलिसात जायला हवं होतंस. मी गेले इंजिनिअरिंग कॉलेजात, विजेची यंत्रं शिकवायला. खोड तिथंही सुटली नाही. पण ज्या गोष्टी मी स्वतः वर्षानुवर्षं करत आले, त्यांची चौकशी करायचं मला कधी सुचलं नाही. हे मला दुसऱ्यांनी दाखवून दिलं, आणि तेही मी मोठ्या उत्साहानं एक चांगलं काम करायला निघाले होते तेव्हा.

काम असं होतं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की मुलींनी इंजिनिअरिंगकडे वळावं म्हणून आपण गावोगावच्या शाळांत जायचं आहे. आमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली न्यायच्या, आठवी-नववीच्या मुलींसमोर त्यांनी काहीतरी हातानं करून दाखवायचं आणि त्यांच्याकडून करून घ्यायचं. भाषणं नकोत, असं मीच म्हणाले. शाळेत असताना मी ऐकलेल्या एकाही भाषणानं मला कुठंही वळवलेलं नाही. तीन शाळा ठरल्या. एक लोणारची, कारण मी तिथं राहते आणि मुख्याध्यापिका ओळखीच्या. दुसरी सुलतानपूरची. तिसरी पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी. ते गाव प्राचार्यांनी का निवडलं हे मला त्यांनी सांगितलं नाही आणि मीही त्या दिवशी चक्क विचारलं नाही. बारा मुली हव्या होत्या.

मी फलकावर सूचना लावली. स्वयंसेविका पाहिजेत, इच्छुकांनी नावं द्यावीत. आठवडा गेला, एकही नाव आलं नाही. मग मी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. मुलींनी बाकांकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि तास संपला. आमच्या मुली भित्र्या नाहीत. परीक्षेचा पेपर अवघड निघाला तर विभागप्रमुखांच्या दारात वीसजणी उभ्या असतात. मग इथं काय झालं, याचं मला कुतूहल वाटायला लागलं. कॅन्टीनमध्ये दोघींना गाठून विचारलं. त्यातली एक चहाचा घोट घेत म्हणाली, "साडी नेसा लागन का म्याडम?"

मी हसले. म्हणाले, साडी कशाला, जीन्स घालून ये, तारा कापायच्या आहेत. तिनं मान डोलावली. या मुलीनं सगळं सोडून साडीचंच का विचारलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

जीन्सचं बोलणं मात्र हॉस्टेलवर पोचलं असावं. दोन दिवसांत माझ्या टेबलावर एकोणीस फॉर्म आले. नाव, वर्ग, गाव, मोबाईल नंबर, आणि तुम्हाला का यायचं आहे ते दोन ओळींत. बहुतेकींनी समाजकार्य, आवड, अनुभव असे शब्द लिहिले होते. सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात आधी आलेला फॉर्म संग्रामपूरच्या मुलीचा होता. आमच्याकडे मुलींना गावावरून ओळखायची पद्धत आहे, त्यामुळे स्टाफरूममध्येही ती संग्रामपूरवालीच. तिसरं वर्ष, इलेक्ट्रिकल. उंच, अंगानं सडपातळ, बोलायला महाकंजूष. पण प्रयोगशाळेत मोटर चालू केली की ती डोकं थोडं तिरकं करून आवाज ऐकायची आणि बेअरिंग गेलंय की गुंडाळीत दोष आहे ते सांगायची. मी मीटर लावून पाहायचे, आणि तिचं बरोबर असायचं. तिच्या फॉर्मवर एकच ओळ होती: मला माझ्या शाळेत जाऊन मोटर उघडून दाखवायची आहे.

पायथ्याच्या गावची ती शाळा तिचीच निघाली. मी तिच्या नावावर पहिली खूण केली आणि मगच बाकीचे फॉर्म वाचले.

निवडलेल्या मुलींना मी एकेक मेसेज पाठवला. तुझी निवड झाली आहे, येशील ना? हो म्याडम, हो म्याडम, अशी उत्तरं येत गेली. कुणी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, कुणी गुलाब पाठवला. संग्रामपूरच्या मुलीकडून दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: जमणार नाही. पुढे ना कारण, ना क्षमस्व.

मला राग आला. आता शांतपणे लिहिते आहे म्हणून मोठेपणा दाखवण्यात अर्थ नाही, चांगलाच राग आला. जिच्या नावावर पहिली खूण केली, तिनं दोन शब्दांत मला वाटेला लावावं, हे मला झोंबलं. मी तिच्या जागी सुलतानपूरच्या एका मुलीचं नाव घातलं. पुढचे दोन आठवडे प्रयोगशाळेत मी तिच्या टेबलापाशी थांबले नाही. झालं का, असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं. ती एकदोनदा काही बोलायला आली, तेव्हा मी दुसऱ्या मुलीच्या वहीत डोकं घातलं. मास्तरकीत असे छोटे सूड घेता येतात आणि ते कुणाला दिसतही नाहीत.

बारा जणींची यादी फलकावर लागली. त्याच दिवशी, त्याच फलकावर, मी दुसरीही यादी लावली. या कार्यक्रमाचं कॉलेजात उद्घाटन व्हायचं होतं, पाहुणे येणार होते, त्यामुळे स्वागत समितीच्या चार मुली लागणार होत्या. दारात ओवाळायला, कुंकू लावायला, शाल-श्रीफळाचं ताट घेऊन स्टेजवर जायला. ही यादी दर कार्यक्रमाला मीच करते. कोण उंच आहे, कुणाला साडी नीट सांभाळता येते, कुणाच्या हातातलं ताट हलत नाही, हे मला तोंडपाठ आहे. त्या यादीत पहिलं नाव संग्रामपूरच्या मुलीचं होतं. तिच्यावर रागावले होते तरी ते मी घातलं, कारण तिच्या हातातलं ताट कधी हलत नाही.

मग मी बारा जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, आणि गोष्टी मजेशीर व्हायला लागल्या. सकाळी सहापासून ग्रुपवर सुप्रभात यायला लागलं. सूर्य, मोगरा, मारुती. वीस वर्षांच्या मुली एवढ्या भाविक कधी झाल्या, असं मी मनात म्हटलं. कुणाच्या नावापुढे फोटोत ट्रॅक्टर होता, कुणाच्या फोटोत बैलजोडी, एका फोटोत काळा चष्मा घातलेले मिशीवाले गृहस्थ होते. ते वडील असतील, वडिलांवर फार प्रेम असेल, असं समजून मी तेही सोडून दिलं. नंतर मी लिहिलं की शनिवारी दोन वाजता सर्वांनी यावे, मोटर बांधायला शिकायचे आहे. लगेच उत्तर आलं: मॅडम, मोटर किती एचपीची आहे? विहिरीवरची असल्यास मी पाने घेऊन येतो.

मी ते दोनदा वाचलं. मग ट्रॅक्टर, बैलजोडी आणि काळा चष्मा यांच्याकडे नव्यानं पाहिलं. ग्रुपमध्ये बारा मुलींपैकी एकही मुलगी नव्हती. सात वडील, तीन भाऊ, एक काका आणि एक भावजी होते.

पाने आणणारे गृहस्थ सुलतानपूरचे, वांगी-कोथिंबीर पिकवणारे. ते शनिवारी खरंच आले, मुलीला मोटरसायकलवर मागे बसवून, पान्यांची पिशवी हँडलला अडकवून. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. एक सेल, एक लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना आणि गुंडाळलेली तांब्याची तार एवढ्यावर ती तार भिंगरीसारखी फिरायला लागली, तेव्हा ते उठून टेबलापाशी आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले, आणि त्यांनी घरी न्यायला तारेचा एक तुकडा मागून घेतला.

त्या दिवशी मी मुलींना विचारलं की फॉर्मवर घरचे नंबर का घातले. बाराही जणींच्या हातात तेव्हा स्वतःचे फोन होते. त्यांना माझा प्रश्नच कळेना. फॉर्मवर घरचाच नंबर टाकतात ना, असं एक म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. पाचवीच्या शिष्यवृत्तीपासून प्रत्येक कागदावर त्यांनी तोच नंबर लिहिला होता. आपला नंबर मैत्रिणींना द्यायचा, कागदावर द्यायचा नाही. तो असा कायदा होता की तो कुणी कुणाला सांगितलेलाही नव्हता. मला ही गोष्ट भलतीच आवडली. स्टाफरूममध्ये मी ती रंगवून सांगितली, सगळे पोट धरून हसले. आमच्या कार्यालयात आस्थापनेचं काम पाहणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठून गेल्या आणि माझी सेवापुस्तिका घेऊन आल्या. पहिल्याच पानावर संपर्क क्रमांकाच्या चौकटीत माझ्या अक्षरात माझ्या नवऱ्याचा नंबर होता. पंधरा वर्षांपूर्वी मी तो लिहिला, आणि तो माझा नाही हे मला तोवर कधी खटकलंही नव्हतं.

बाईंनी पुस्तिका मिटली आणि त्या गेल्या. माझं हसणं थांबलं, आणि मग मला ते दोन शब्द आठवले. जमणार नाही. ते कुणी लिहिलं होतं?

मी रद्द झालेल्या फॉर्मांचा गठ्ठा काढला, तिचा फॉर्म घेतला आणि प्रयोगशाळेत गेले. ती स्टार्टरचं झाकण काढत होती. मी फॉर्म तिच्यापुढे धरला आणि हा नंबर कुणाचा असं विचारलं. बाबांचा, असं ती म्हणाली. मग मी तिला तिच्याच नावानं आलेलं उत्तर दाखवलं. ते तिनं वाचलं आणि पुन्हा स्टार्टरकडे पाहायला लागली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. निवड झाल्याचं नाही, नकार गेल्याचंही नाही. तिनं यादी पाहिली होती आणि आपलं नाव नाही एवढंच तिला कळलं होतं.

मग मला येऊन विचारलंस का नाही, असं मी म्हणाले. माझ्या आवाजात अजून थोडा तोरा होता, हे कबूल करते.

"कायले विचारू म्याडम," ती म्हणाली. "दुसऱ्या लिस्टात होतं न नाव."

तिनं ते रडून सांगितलं नाही की टोमणा मारला नाही. सांगून झाल्यावर तिनं झाकणाचा स्क्रू खिशात टाकला. मला मात्र तिथं उभं राहवेना. दोन याद्या मीच शेजारी शेजारी लावल्या होत्या, आणि त्या दोन्ही मिळून काय सांगत होत्या ते तिनं बरोबर वाचलं होतं.

तिला जायचं होतं, मनापासून जायचं होतं. तिच्या शाळेत प्रयोगशाळेचं एक लोखंडी कपाट होतं. किल्ली होती, पण उघडलं की पसारा होतो म्हणून ते उघडत नसत. काचेतून आतली एक जुनी मोटर दिसायची. पाच वर्षं तिनं ती काचेतून पाहिली. तीच तिला जाऊन उघडायची होती. हे सगळं मला त्या दुपारी तिच्याकडून एकेक वाक्य ओढून काढावं लागलं. शेवटी ती म्हणाली की बाबांना फोन करू नका, ते नाही म्हणाले असतील तर नाहीच.

वडील भिक्षुकी करतात. संग्रामपूरच्या आसपासच्या गावांत सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं. नंबर सगळ्या पंचक्रोशीला पाठ, कारण मुहूर्त विचारायला लोक त्याच नंबरवर फोन करतात. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं. सोवळं, कडक शिस्त, मुलींनी चारचौघांत मिरवू नये वगैरे. त्या चित्राशी भांडायला मी लोणारला घरी येईपर्यंत एसटीत वाक्यं जुळवली. मुलीनं नको म्हटलं होतं तरी संध्याकाळी दिवेलागणीला फोन लावला. मागे घंटेचा आवाज येत होता. त्यांनी दोन मिनिटं थांबायला सांगितलं, कुणाला तरी प्रसाद दिला, आणि मग बोला म्हणाले.

मी माझी सगळी वाक्यं म्हटली. मुलींचं शिक्षण, आत्मविश्वास, काळ कसा बदलला आहे. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी मला आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची आठवण करून दिली. पेपरात फोटो आला होता. गावातल्या लोकांनी कौतुकानं आणून दाखवला की तुमची पोरगी पेपरात आली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. पुढे फेटा बांधलेले पाहुणे, आणि फेट्याच्या मागे अर्धा चेहरा आणि दोन हात. हातात ताट. तेव्हापासून कॉलेजात काही कार्यक्रम असला की पोरगी फोनवर सांगायची, स्वयंसेविका म्हणून नाव आलंय. म्हणजे पुन्हा ताट. आताही माझा मेसेज वाचून त्यांना तेच वाटलं होतं.

"म्याडम, ताट घेऊन लोकायच्या घरी मी जातो," ते म्हणाले. "माह्यं काम हाय ते, मले त्याची लाज नाही. पण तिले मी मशीन शिकायले पाठवलं. तिथंही ताटच धरा लागत असन, तं घरी काय वाईट होती?"

मी खरं ते सांगून टाकलं, की ती यादी मीच करते.

"तुम्ही सोता?" त्यांनी विचारलं. "काऊन?"

जगाला प्रश्न विचारत फिरणाऱ्या बाईला ‘का’ हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, असंच चालत आलंय. मागे पुन्हा घंटा वाजली. मग मी शब्द दिला की तुमच्या मुलीच्या हातात यापुढे ताट दिसणार नाही, ती शाळेत मोटर घेऊन जाईल. ते म्हणाले, मग जाऊ द्या तिला, आणि मी तिथंच सुटले.

त्या संध्याकाळी मला माझे कॉलेजचे दिवस आठवत राहिले. मीही ताट धरलं होतं, चारही वर्षं, आणि हौसेनं. मावशीची पैठणी नेसून, केसांत गजरा माळून. निवडल्यासारखं वाटायचं. चार वर्षांत किती मोठमोठे लोक आले, पण त्यातल्या एकाचंही बोलणं मी ऐकलेलं नाही, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. ते बोलत असायचे तेव्हा मी पडद्यामागे पुढचा गुच्छ तयार ठेवत असायचे, नाहीतर चहाचे कप मोजत असायचे.

दुसऱ्या दिवशी मी स्वागत समितीची यादी फाडली. प्राचार्य म्हणाले, मग ताट कोण धरणार? मी म्हणाले, विभागप्रमुख. त्यांना तो विनोद वाटला, पण मी हटले नाही. उद्घाटनाला मेकॅनिकलचे विभागप्रमुख शालीचं ताट घेऊन स्टेजवर आले. आयुष्यात पहिल्यांदाच धरत होते, त्यामुळे नारळ पाहुण्यांच्या पायापर्यंत घरंगळत गेला. मुलींनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की पाहुण्यांना वाटलं तो आपल्यासाठी आहे. संग्रामपूरची मुलगी दुसऱ्या रांगेत बसून हसत होती. मी तिला तेराव्या नंबरवर घेतलं होतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, लोणारच्या दोन शेजारणींना सांगितलं, एसटीत अनोळखी बाईलाही सांगितलं.

लोणारची शाळा झाली, सुलतानपूरची झाली. दोन्हीकडे ती कमी बोलली आणि तिच्याच टेबलाभोवती गर्दी झाली. तारेवरचा लेप एका टोकाला पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकाला अर्धाच. पोरी दोन्हीकडे पूर्ण खरवडायच्या आणि तार नुसती थरथरायची. ती लगेच चूक सांगायची नाही. का फिरत नसेल, असं विचारायची आणि हात मागे बांधून उभी राहायची. कधी दहा मिनिटं लागायची. मला घाई सुटायची, तिला नाही. मी असं कधी शिकवलं नव्हतं, आणि ती कुठून शिकली याची चौकशी केली तर तिला सांगता आलं नाही.

मग तिची शाळा. कॉलेजची बस पहाटे निघाली, संग्रामपूर मागे पडलं तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. समोर सातपुड्याची रांग अंगावर आल्यासारखी दिसत होती. ती खिडकीशी बसून होती आणि मांडीवरचा तारा-चुंबकांचा डबा दोन्ही हातांनी धरून होती. शाळेच्या फाटकापासून पायरीपर्यंत रांगोळी काढली होती. पायरीवर नववीतल्या चार मुली उभ्या होत्या, आईच्या साड्या नेसून, पिनांनी आवळलेले ब्लाऊज घालून. हातात ताटं. त्यांनी आमच्या तेराही मुलींना कुंकू लावलं, ओवाळलं, एकेक गुलाब दिला. आपल्या मुलींना असं कुणीतरी ओवाळतंय, हे बघून माझे डोळे भरून आले. मला ते फार छान वाटलं.

मुली डबे घेऊन वर्गात गेल्या. मुख्याध्यापक मला कार्यालयात घेऊन आले. त्यांनी मोठ्या अगत्यानं ते कपाट दाखवलं, आज मुद्दाम उघडून ठेवलं होतं. मग पोहे आले. त्या चार मुलींनीच आणले. एकीनं ताटली दिली, एकीनं पाणी, एक चहाची केटली घेऊन कोपऱ्यात थांबली, चौथी लिंबाच्या फोडी घेऊन उभी होती. गोड मुली होत्या. मी पोहे खात खात माझं नेहमीचं सुरू केलं. नाव काय, घर कुठं, साडी कुणी नेसवली, घरी गुरं किती, पुढे काय व्हायचंय. केटलीवाली लाजत म्हणाली की इंजिनिअर. मी मुख्याध्यापकांकडे पाहून कौतुकानं हसले आणि ते माझ्याकडे पाहून हसले.

तेवढ्यात दारात संग्रामपूरची मुलगी येऊन उभी राहिली. बोटाला तारेचं वेटोळं तसंच होतं. तिनं मुख्याध्यापकांना वाकून नमस्कार केला आणि मला सांगितलं की वर्गात चार जागा रिकाम्या आहेत, या चौघी आल्याशिवाय सुरू करत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, अगं, या स्वागत समितीत आहेत, पाहुण्यांकडे पाहायला नकोत का? तुम्ही चालू करा, यांना बाकीच्या सांगतील नंतर. ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या हातात पोह्यांचा चमचा होता.

मी ताटली खाली ठेवली आणि मुलींना जा म्हणाले. त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. केटली कुठं ठेवावी ते त्या मुलीला कळेना, तेव्हा मी ती तिच्या हातातून घेतली. मग चौघी साड्यांच्या निऱ्या मुठीत धरून व्हरांड्यातून पळाल्या.

संग्रामपूरची मुलगी मात्र अजून दारातच होती.

"तुम्ही बाबांले शब्द देला होता न, म्याडम," ती म्हणाली.

तो तुझ्यासाठी दिला होता, असं मी म्हणाले. माझ्या तोंडून ते निघून गेलं.

"असं का," ती म्हणाली. "मले वाटलं सगळ्यायसाठी असन."

आणि ती वर्गाकडे गेली. मुख्याध्यापकांनी रिकामा कप पुढे केला, आणि केटली माझ्याच हातात होती म्हणून मी चहा ओतला.